शुक्र राहण्याजोगा नाही, म्हणूनच तो महत्त्वाचा आहे

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारताच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. खर्च १,२३६ कोटी रुपये, उड्डाणाचे लक्ष्य मार्च २०२८. त्याच बैठकीत चांद्रयान-४ आणि भारतीय अंतरिक्ष स्थानकाच्या पहिल्या टप्प्यालाही मान्यता मिळाली. साहजिकच दुसऱ्या दिवशी शुक्राच्या वाट्याला चार-दोन परिच्छेद आले. त्यांतही बहुतेक ठिकाणी तीनच गोष्टी होत्या: खर्चाचा आकडा, ‘पृथ्वीचे जुळे भावंड’ हे ठरलेले विशेषण आणि ‘तेथे कधी जीवसृष्टी होती काय’ हा ठरलेला प्रश्न. मोहीम आखण्याचे खरे कारण सरकारी निवेदनात स्पष्ट लिहिलेले होते. सारख्याच परिस्थितीत घडलेल्या दोन ग्रहांची वातावरणे इतकी भिन्न कशी झाली, हे समजून घेणे, हे ते कारण. बातमीत नेमके तेच वाक्य गळाले.

विद्यार्थीमित्रहो, हा लेख त्या गळालेल्या वाक्यासाठी आहे.

आपल्याकडे ग्रहांविषयीची बातमी अजूनही भूखंड पाहायला गेलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी लिहिली जाते. पाणी आहे का? हवा कशी आहे? माणसाला राहता येईल का? उत्तर ‘नाही’ आले की ग्रह निकालात निघतो आणि मोहीम केवळ राष्ट्रीय प्रतिष्ठेची बाब उरते. कोणता देश पहिला पोहोचला, किती स्वस्तात पोहोचला, एवढेच मग मोजायचे राहते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चार खडकाळ ग्रह म्हणजे निसर्गाने एकदाच केलेल्या एका प्रयोगाच्या चार निष्पत्ती आहेत. त्यांतील तीन राहण्याजोग्या नाहीत, हीच त्यांची शास्त्रीय किंमत. एकट्या पृथ्वीकडे पाहून पृथ्वी अशी का झाली, हे कधीच कळणार नाही.

प्रयोगाची सामग्री पाहा. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीत, आतल्या तप्त भागात, बर्फ टिकू शकला नाही. उरले ते मुख्यतः खडक आणि लोह. त्यांतून हे चार गोल घडले. बुधाचा व्यास सुमारे ४,८८० किलोमीटर, शुक्राचा १२,१०४, पृथ्वीचा १२,७४२ आणि मंगळाचा ६,७८०. सरासरी घनता पाण्याच्या तुलनेत अनुक्रमे ५.४, ५.२, ५.५ आणि ३.९ पट. चौघांच्याही पोटात लोहप्रधान गाभा, त्यावर खडकाचे जाड प्रावरण, वर पातळ कवच. मूळ घटक बरेचसे सारखे. फरक प्रामुख्याने आकाराचा, सूर्यापासूनच्या अंतराचा आणि पुढील इतिहासाचा.

हे आकडे पाठ्यपुस्तकांत असतात. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत ‘सर्वांत लहान ग्रह बुध, सर्वांत उष्ण ग्रह शुक्र’ असे लिहितात आणि दोन गुण मिळवतात. तक्रार पाठांतराची नाही. तक्रार अशी, की तक्त्याखाली जी सोपी कारणे दिली जातात, ती त्याच तक्त्यातील आकड्यांसमोर टिकत नाहीत आणि तरीही कोणी हात वर करीत नाही. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले: ‘शुक्र सूर्याच्या जवळ आहे म्हणून तापलेला आहे.’ मग बुध त्याहून जवळ असताना शुक्र त्याच्याहून उष्ण कसा? बुधावर दिवसा तापमान ४३० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रात्री उणे १८० पर्यंत घसरते; शुक्रावर दिवस असो वा रात्र, विषुववृत्त असो वा ध्रुव, पृष्ठभाग सुमारे ४६५ अंशांवर स्थिर असतो. खरी गंमत पुढे आहे. शुक्राच्या कक्षेत पृथ्वीच्या जवळजवळ १.९ पट सूर्यप्रकाश पोहोचतो, हे खरे. पण सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांचे त्याचे दाट ढग त्यातील सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश परत अवकाशात पाठवतात. पृथ्वी सुमारे ३० टक्केच परतवते. गुणाकार करून पाहा: प्रत्येक चौरस मीटरमागे शुक्र जी सूर्यऊर्जा शोषतो, ती पृथ्वीने शोषलेल्या ऊर्जेच्या दोन तृतीयांशच भरते. उष्णता अडवणारे वातावरण नसते आणि हीच परावर्तनक्षमता कायम असती, तर शुक्राचे तापमान उणे ४० अंशांच्या आसपास असते. उणे ४० आणि अधिक ४६५ यांमधील पाचशे अंशांचे अंतर भरून काढले आहे ते वातावरणाने. ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या या वातावरणाचा पृष्ठभागावरील दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट आहे. हरितगृह परिणाम हा मतमतांतराचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या गुणाकारातील चूक दाखवावी.

दुसरे: ‘मंगळाचे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून त्याची हवा उडाली.’ मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे आणि गुरुत्व ३८ टक्के. पण बुधाच्या पृष्ठभागावरील गुरुत्व जवळजवळ मंगळाइतकेच आहे. तेथे तर नाव घ्यावे असे वातावरणच नाही. उलट शनीचा उपग्रह टायटन पाहा. त्याचे गुरुत्व मंगळाच्या निम्म्याहूनही कमी, आणि हवा मात्र पृथ्वीपेक्षा दाट. म्हणजे नुसते गुरुत्व पुरेसे नाही. तापमान, सूर्याचे अंतर, वायूचा पुरवठा हे सारे हिशेबात धरावे लागते.

तिसरे: ‘चुंबकीय क्षेत्राचे कवच नसेल तर सौरवारा वातावरण ओरबाडून नेतो.’ हे वाक्य आजकाल फार लोकप्रिय आहे आणि मंगळापुरते त्यात तथ्यही आहे. मंगळाच्या जुन्या खडकांत गोठलेले चुंबकत्व सांगते, की एके काळी त्याच्या गाभ्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण होत होते. लहान गोल लवकर निवला आणि ते यंत्र बंद पडले. नासाच्या मेव्हन यानाने २०१५ मध्ये दाखवून दिले, की सौरवारा आजही मंगळावरून सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम वायू हिरावून नेत आहे. परंतु शुक्रालाही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही, तो सूर्याच्या अधिक जवळ आहे आणि तरीही चौघांत सर्वांत जड वातावरण त्याचेच. उलट बुधाला चुंबकीय क्षेत्र आहे, पृथ्वीच्या सुमारे एक टक्का का होईना; वातावरण मात्र नाही. कवचाची कहाणी इतकी सरळ असती, तर या दोघांची स्थिती नेमकी उलट असायला हवी होती.

कोणत्याही एका कारणाने चारही ग्रहांचा हिशेब जुळत नाही. या विषयाची श्रीमंती आहे ती येथेच. बातमीदारी आणि अध्यापन मात्र ‘म्हणून’ या एका शब्दावर हात झटकून मोकळे होतात.

शुक्र आणि पृथ्वी ही तुलना तर आणखी बोचरी आहे. शुक्राचे वस्तुमान पृथ्वीच्या ८१.५ टक्के. घनता जवळपास सारखी. फार काय, पृथ्वीवरील चुनखडक आणि इतर कार्बोनेट खडकांत बंदिस्त असलेला सारा कार्बन वायुरूपात बाहेर काढला, तर तो शुक्राच्या वातावरणातील कार्बनच्या तोडीचा भरेल. म्हणजे भांडवल सारखे, कोठारे वेगळी. पृथ्वीवर पाणी टिकले. पावसाने हवेतील कार्बन डायऑक्साइड खडकांशी जोडला, समुद्रतळाशी चुनखडक साचला, सरकणाऱ्या भूपट्टांनी त्यातील काही पोटात नेला आणि ज्वालामुखींनी त्यातील काही परत हवेत सोडला. शुक्रावर हे चक्र चालले नाही, किंवा चालून मोडले. तेथील पाण्यात साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीपेक्षा शंभरपटींहून अधिक आहे. सूर्यप्रकाशाने पाण्याची वाफ फुटते, हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो, जड मागे राहतो. हे प्रमाण म्हणजे गमावलेल्या पाण्याची पावती आहे. मात्र त्या पाण्याचे कधी समुद्र झाले होते, की ते आरंभापासून वाफेच्याच रूपात राहिले, याविषयी शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. तो वाद घरबसल्या मिटणार नाही. तेथे जाऊन मोजावे लागेल.

येथे एका उलट अतिशयोक्तीचाही समाचार घ्यायला हवा. ‘कार्बन डायऑक्साइड असाच वाढला तर पृथ्वीचा शुक्र होईल’ असे काही उत्साही मंडळी सांगतात. तसे होणार नाही. आपण जाळत असलेल्या कोळशा-तेलाने पृथ्वीवर ९२ पट दाबाचे वातावरण उभे राहणार नाही. दोन्ही ग्रहांवर भौतिकशास्त्र एकच आहे, मात्रा वेगळी आहे. परंतु लहान मात्रेनेही पावसाचे वेळापत्रक बिघडते आणि पिके बुडतात. खरे संकट पुरेसे गंभीर असताना त्याला खोट्या भीतीचा मुलामा देणे म्हणजे संशय घेणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत देणे होय.

बुधाचे कोडे वेगळेच. आकाराने मंगळाहूनही लहान, तरी घनता जवळजवळ पृथ्वीइतकी. त्याची त्रिज्या सुमारे २,४४० किलोमीटर आणि त्यातील दोन हजार किलोमीटरहून अधिक भाग धातूच्या गाभ्याने व्यापलेला. जणू फळाचा गर कोणी खरवडून नेला आणि कोय तेवढी ठेवली. एका प्रचंड धडकेत त्याचे खडकाळ प्रावरण उडाले असावे, असा एक तर्क आहे. पण २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाला त्याच्या पृष्ठभागावर सल्फर आणि पोटॅशियम यांसारखी सहज उडून जाणारी मूलद्रव्ये भरपूर आढळली. इतकी प्रचंड उष्णता सोसलेल्या ग्रहावर ती टिकली कशी? तर्काला तडा गेला. त्याच यानाने ध्रुवांजवळील कायम अंधाऱ्या विवरांत पाण्याच्या बर्फाचीही साक्ष दिली. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ग्रहावर बर्फ! हे वाक्य एकट्याने एखाद्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्राकडे खेचू शकते. पण ते त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे.

आणि मंगळ, आपला लाडका मंगळ. २०१८ ते २०२२ या काळात इनसाइट यानाने त्याच्या पृष्ठभागावर भूकंपमापक ठेवून त्याचे कंप ऐकले. २०२१ मध्ये त्यावरून गाभ्याची त्रिज्या सुमारे १,८३० किलोमीटर काढली गेली. २०२३ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले आणि असे दिसले, की गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा एक थर असावा; तसे असेल तर धातूचा गाभा १,६५० किलोमीटरच्या आसपासच आहे. दोन वर्षांत एका ग्रहाचे अंतरंग बदलले! विज्ञान आपली चूक स्वतः कशी सुधारते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात शिकवायला मिळणार नाही. आपल्याकडे मंगळाची चर्चा मात्र एकीकडे वसाहतीभोवती आणि दुसरीकडे पत्रिकेतील दोषाभोवती घुटमळत राहते.

आता आपल्या घरातील हिशेब. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले, २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत स्थिरावले आणि २०२२ पर्यंत आपल्या संपर्कात राहिले. अभियांत्रिकीचा तो निर्विवाद पराक्रम होता आणि त्याचा अभिमान मलाही आहे. परंतु त्या मोहिमेविषयी सामान्य सुशिक्षित माणसाला आज काय आठवते? ४५० कोटी रुपये, आणि ‘हॉलिवूडच्या चित्रपटापेक्षा स्वस्त’. मंगळाच्या विरळ बाह्य वातावरणात अपेक्षेपेक्षा अधिक ऊर्जेचे आरगॉन अणू आपल्याच मेन्का या उपकरणाने टिपले, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्या प्रश्नावर मेव्हन काम करीत होते, मंगळाची हवा गेली कोठे आणि कशी, त्याच प्रश्नाशी हे निरीक्षण जोडलेले आहे. पण आकडा लक्षात राहिला आणि अणू विसरले गेले.

स्वस्ताईचा हा गौरव निरुपद्रवी नाही. मंगळयानावर पाच उपकरणे होती आणि त्यांचे एकत्रित वजन सुमारे १५ किलो. आपल्या दोनच दिवस आधी मंगळाशी पोहोचलेल्या मेव्हनवर सुमारे ६५ किलोची उपकरणे होती. पहिल्या धाडसी प्रयत्नात हात आखडता असणे समजण्यासारखे आहे. पण कमी खर्च हाच गुण ठरला, की पुढच्या वेळी अधिक उपकरणे, अधिक काळ आणि अधिक संशोधक मागणारा माणूस उधळ्या ठरतो. शुक्र मोहिमेच्या समर्थनार्थ ‘माणशी नऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत’ असे सांगता येईल. मी ते सांगणार नाही. मोहीम स्वस्त आहे म्हणून करू नये. तिचा प्रश्न मोलाचा आहे म्हणून करावी.

चांद्रयान-३ चे उदाहरण अधिक ताजे आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सारा देश पडद्यासमोर श्वास रोखून बसला होता. बरोबर एका वर्षाने, ऑगस्ट २०२४ मध्ये, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रज्ञान बग्गीने दक्षिण ध्रुवाच्या परिसरात केलेल्या मातीच्या मोजमापांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील माती ज्या फिकट खडकाशी जुळली, तो खडक नवजात चंद्रावर पसरलेल्या वितळलेल्या खडकाच्या महासागरावर तरंगून वर आला असावा, या सिद्धांताला त्यातून बळ मिळाले. खडकाळ गोलांचे बालपण आगीत गेले, याचा पुरावा आपल्या बग्गीने आणला. उतरण्याचा तो सोहळा ज्यांनी पाहिला, त्यांतील किती जणांपर्यंत हा निष्कर्ष पोहोचला? फटाके पोहोचण्याला वाजले, कळण्याला वाजले नाहीत.

या टीकेवर संपादकांचे ठरलेले उत्तर असते: लोकांना पाणी आणि जीवसृष्टी यांतच रस असतो, घनता आणि गाभा कोण वाचणार? सप्टेंबर २०२० मध्ये जेन ग्रीव्हज आणि सहकाऱ्यांनी शुक्राच्या ढगांत फॉस्फीन वायूच्या खुणा सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा ‘शुक्रावर जीवसृष्टी?’ असे मथळे झळकले. पुढे मूळ नोंदींचे पुनर्विश्लेषण झाले, प्रमाण बरेच खाली आले आणि वाद आजही चालू आहे. शास्त्रज्ञांनी आपले काम केले. मथळा देणाऱ्यांतील किती जण तो वाद सांगायला परतले? लोकांना रस नसतो हे खरे नाही. अर्धवट सोडलेल्या गोष्टींचा लोकांना कंटाळा येतो, हे खरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. एका महाविद्यालयातील व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, अमेरिका आणि युरोप शुक्रावर जाणारच आहेत; मग आपण वेगळे काय करणार?” प्रश्न योग्य आहे. नासाने व्हेरिटास आणि दाविंची, तर युरोपने एन्व्हिजन ही मोहीम २०२१ मध्येच निवडली. पण जपानच्या अकात्सुकी यानाशी एप्रिल २०२४ मध्ये संपर्क तुटल्यापासून शुक्राभोवती एकही कार्यरत यान नाही. शुक्राचे ढग दृश्य प्रकाशाला अडवतात. पृष्ठभाग पाहायचा तर रडार हवे, आणि आपल्या यानावर रडार नेण्याची योजना आहे. संपूर्ण ग्रहाचा शेवटचा सविस्तर रडार नकाशा मॅजेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात केला. त्यातील १९९१ च्या दोन नोंदी रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्स्ली यांनी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा मात मॉन्स या पर्वताजवळील एका ज्वालामुखीच्या मुखाचा आकार आठ महिन्यांत बदललेला दिसला. हा शोध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शुक्र भूगर्भदृष्ट्या मेलेला नाही, याचा हा पुरावा तीस वर्षे सर्वांसाठी खुल्या असलेल्या नोंदींत पडून होता. तो पुण्यातील किंवा गुवाहाटीतील एखाद्या विद्यार्थ्यालाही सापडू शकला असता.

तेव्हा २०२८ चे वाट पाहणे नुसते टाळ्यांसाठी नको. इस्रोने या मोहिमेच्या उपकरणांसाठी प्रस्ताव मागवले ते २०१७ मध्ये. मंजुरी मिळेपर्यंत सात वर्षे गेली. पुढची वर्षे तरी आपण योग्य प्रश्न विचारण्यात घालवू. यानावरील प्रत्येक उपकरण कोणत्या वादाचा निकाल लावणार आहे? त्याच्या नोंदी किती महिन्यांत सर्वांसाठी खुल्या होणार? त्या वाचायला विद्यापीठांतील किती विद्यार्थ्यांना आतापासून शिकवले जात आहे? चांद्रयान-२ आणि आदित्य-एल१ यांच्या नोंदी इस्रोच्या संकेतस्थळावर आज उपलब्ध आहेत. त्या उतरवून घेण्यास नावनोंदणीपलीकडे काही लागत नाही. ज्याला शुक्रावर काम करायचे आहे, त्याने आजच चंद्रापासून हात बसवायला घ्यावा.

शेवटी एक जवळची गोष्ट. सह्याद्रीचा काळा कातळ बेसॉल्टचा आहे. १ मार्च १९८२ रोजी सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-१३ शुक्रावर उतरले आणि भट्टीसारख्या उष्णतेत १२७ मिनिटे तग धरून त्याने पायाखालच्या खडकाचे विश्लेषण पाठवले. तो खडकही बेसॉल्टच्याच जातीचा निघाला. आपल्या कातळावर दर पावसाळ्यात पाणी पडते, त्याची माती होते, तीवर भात उगवतो. तसाच कातळ, शेजारचा ग्रह, आणि तेथे पावसाचा एक थेंबही जमिनीला स्पर्श करीत नाही. हा फरक कशामुळे पडला, हे ज्याला विचारावेसे वाटत नाही, त्याने ग्रहांवर राहायला जाण्याच्या गप्पा मारू नयेत. ज्या ग्रहावर आपण राहतो, तोच त्याला अजून कळलेला नाही.